पायदान नंबर तेरा

बायकोचा मोबाइल नंबर मला पाठ नाही. गाडीचा नंबर कुणी विचारला तर पार्किंगमध्ये जाऊन बघून यावं लागतं. पण १९६९ साली बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिलं आलेलं गाणं कुठल्या चित्रपटातलं, हे मला मध्यरात्री उठवून विचारा. 'इंतकाम'. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, गायिका लताबाई, पडद्यावर साधना. अडचण एवढीच, की मध्यरात्री उठवून हे कुणी विचारत नाही. मध्यरात्री उठवून विचारतात ते गॅस बंद केलात का, आणि नेमकं तेच मला सांगता येत नाही.

बरं, पहिल्या नंबरच्या गाण्यांपुरतं हे असतं तरी निभावलं असतं. पहिल्या नंबरची गाणी आठवणाऱ्या माणसाला समाजात मान असतो. लग्नघरात अंताक्षरी सुरू झाली की दोन्हीकडचे लोक त्याला आपल्यात ओढतात. माझं डोकं भरलंय ते तळाच्या गाण्यांनी. म्हणजे जी कधीतरी यादीत शिरली, खालच्या एखाद्या नंबरावर, म्हणजे पायदानावर, दोन-तीन आठवडे अंग चोरून बसली आणि कुणाला न सांगता उतरून गेली, ती. त्यांचं नाव काढलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग बायकोकडे. बायको नुसती मान हलवते. सगळे उपाय करून झालेत, असा त्या मान हलवण्याचा अर्थ.

याला जबाबदार आमचे काका आणि त्यांची वही.

आणि थोडेसे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. केसकर १९५२ साली केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे मोठे भोक्ते. सिनेमातल्या गाण्यांनी जनतेचे कान बिघडतात असं त्यांचं मत पडलं आणि आकाशवाणीवरून ती गाणी हद्दपार झाली. जनतेने कान बिघडवून घेण्याची दुसरी सोय तत्काळ शोधली. ती सोय समुद्रापलीकडे कोलंबोला होती, तिचं नाव रेडिओ सिलोन. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, रात्री आठ. अमीन सयानी नावाचा विशीदेखील न गाठलेला मुलगा 'बहनों और भाइयों' म्हणत बोलायला लागला आणि पुढची कित्येक वर्षं अख्ख्या देशाचा बुधवार त्याच्या नावावर चढला. तेव्हा गीतमालेच्या कार्यक्रमात फक्त सात गाणी असत, त्यांना नंबरही नसत. क्रम श्रोत्यांनी लावायचा, पत्राने कळवायचा, जमला तर बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली म्हणतात. ती सगळी वाचायची कोणी, हा प्रश्न पुढे इतका वाढला, की १९५४ पासून क्रम कार्यक्रमानेच लावायला सुरुवात केली. आकाशवाणीला शहाणपण यायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडला. तेव्हा विविध भारती निघाली. पण तोवर आमच्या काकांची वही अर्धी भरली होती.

ही वही म्हणजे वाण्याकडे असते तसली लाल कापडी बांधणीची, लांबट. काकांनी पट्टीने रेघा मारून चार रकाने पाडले होते: पायदान, चित्रपट, संगीतकार आणि शेरा. दर बुधवारी पावणेआठला रेडिओ लागायचा, कारण त्याचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे. आतला हिरवा डोळा हळूहळू उघडायचा. तांब्याच्या जाळीची एरियल खिडकीपासून कपाटापर्यंत दोन खिळ्यांवर ताणलेली असायची आणि तिच्यावर काकू ओले रुमाल वाळत घालायच्या. काका ते काढून फेकायचे. आठला पाच कमी असताना हा विधी दर बुधवारी होई आणि तो पार पडल्याखेरीज कार्यक्रम सुरू झाला असं कुणाला वाटत नसे.

आठ ते नऊ घरात बोलायचं नाही. शिंकायचं असेल तर गॅलरीत. एकदा चुलतभावाला विंचू चावला तो सव्वाआठला. तो बिचारा सात नंबरचं पायदान होईपर्यंत तोंडात टॉवेल कोंबून बसला होता, असं घरात अजून अभिमानाने सांगतात. विंचवाची गोष्ट खरी आहे. टॉवेल काकांनी मागाहून घातला असावा.

मुश्कील होती ती शॉर्टवेव्हची. आवाज लाटांवर यायचा आणि लाटांवरच परत जायचा. अमीन सयानी अगदी घरात बसून बोलावं तसे बोलत असत, आता अमुक पायदानावर म्हणून नाव घ्यायला तोंड उघडत, आणि तेवढ्यात समुद्र आत शिरे. खरखर, शिट्ट्या, मध्येच कुणीतरी चिनी बाई. समुद्र ओसरे तेव्हा गाणं संपत आलेलं असायचं. काका प्रामाणिक माणूस, ऐकलं नाही ते लिहायचे नाहीत. पण रकाना रिकामाही सोडवत नसे. म्हणून शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलेलं मी अजून वाचतो: 'खरखर.' 'वीज गेली.' 'सासरे आले, बोलले.' एका ओळीत तर 'जोराचा पाऊस. काही ऐकू आले नाही. बहुधा शंकर-जयकिशन.'

तेरा नंबरच्या पायदानाला काकूंचा विरोध होता. भरल्या घरात, दिवेलागण झाल्यावर तेरावं-तेरावं काय म्हणता, असं त्यांचं म्हणणं. काकांनी बरेच दिवस ऐकून घेतलं आणि शेवटी वहीत 'बारा अ' लिहायला सुरुवात केली. त्यामुळे माझ्या मनात लहानपणापासून असं पक्कं बसलंय, की बाराव्या नंबरची गाणी नेहमी दोन असतात.

या सगळ्या भक्तीत एक खोट होती. कार्यक्रम बिनाका टूथपेस्टचा, आणि आमच्या घरात दात घासले जायचे काळ्या मंजनाने. बिनाकाच्या खोक्यात प्लॅस्टिकचे इवलाले प्राणी मिळत. शेजारच्या घरातल्या मुलांकडे हत्ती, जिराफ, हरिण असं अख्खं जंगल जमलं होतं, आणि आमच्याकडे वही. काकांच्या मनाला हे लागून राहायचं. फुकट गाणी ऐकतो म्हणून त्यांनी एकदा टूथपेस्ट आणली. ती आम्ही मुलांनी दोन दिवसांत संपवली, कारण प्राणी एका खोक्यात एकच निघतो. दुसरं खोकं आलं नाही. आमच्या वाट्याला आला होता एक पाणघोडा, त्यावरून तीन भावंडांत झालेली मारामारी बुधवारीच झाली, आणि त्या आठवड्याच्या पानावर शेरा आहे: 'मुले.'

काका गेले तेव्हा वाटणी झाली. दोन खोल्यांची जागा चुलतभावाकडे गेली. मला तो म्हणाला, "वही मात्र तू घे. तुझा जीव आहे तिच्यात." जीव माझा जागेतही होता, पण ते कुणी विचारलं नाही.

तर ही वही काखोटीला मारून मी जगात वावरतो आणि जगाला ती आवडत नाही. याचं कारण वही खरं बोलते. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर तिसऱ्या मजल्यावरचे एक काका बसतात. त्यांचं ठाम मत असं, की जुन्या काळात वाईट गाणं शोधून सापडायचं नाही. सगळं बावनकशी. आणि लोकांची आवड काय उच्च! मी विचारलं, "१९५७ चं पहिलं गाणं कुठलं असेल?"

"'प्यासा'. नाहीतर 'नया दौर'. त्यात काय विचारायचं!"

"'जनम जनम के फेरे'."

"कुठला?"

"'जनम जनम के फेरे'. संगीत एस. एन. त्रिपाठी."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ही वही कुणाची म्हणालात?"

"माझ्या काकांची."

"त्यांना ऐकायला नीट यायचं ना?"

मी पुढचं पान काढलं. १९६०. त्या वर्षी 'मुघल-ए-आझम' आला. एवढा मोठा शीशमहाल उभारला, नौशादांनी जीव ओतला. वार्षिक यादीत पहिला कोण? 'बरसात की रात'. 'गाईड'बद्दल तर विचारूच नका. १९६५ चं पहिलं गाणं 'सहेली'तलं, १९६६ चं 'सूरज'मधलं. 'आराधना'ने देश वेडा केला म्हणतात, पण पहिल्या नंबरवर १९६९ ला 'इंतकाम' आणि १९७० ला 'दो रास्ते'. काका तावातावाने म्हणाले, तुम्ही मुद्दाम तीच वर्षं काढताय. म्हणून मी १९८१ काढलं. 'लावारिस'. बायको उंच असली तर तिचा काय उपयोग, जाड असली तर काय, ठेंगणी असली तर काय, याची अमिताभ बच्चन यांनी सांगितलेली यादी. लोकांच्या उच्च आवडीने ती वर्षभरात सगळ्यांच्या वर नेऊन ठेवली होती.

"ऐंशीनंतरचं मी धरत नाही," काका म्हणाले.

"आणि १९७९? 'डॉन'मधलं पानाचं?"

"अठ्ठ्याहत्तरनंतरचं धरत नाही."

मी नंतर चौकशी केली. काकांचं लग्न अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यातलं. हे मी पुढे बऱ्याच जणांवर तपासून बघितलं आहे. ज्याचा त्याचा सुवर्णकाळ साधारण लग्नाच्या आसपास आटोपतो. अविवाहितांचा जरा लांबतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमीन सयानी गेले, तेव्हा तर कमाल झाली. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस. प्रत्येकाने दर बुधवारी न चुकता गीतमाला ऐकलेली होती. एक जण म्हणाले, आमच्याकडे दर रविवारी लागायची. पाचव्या मजल्यावरच्या एका मुलीने लिहिलं, 'आमचं सगळं बालपण या आवाजाने समृद्ध केलं.' मूळ गीतमाला १९९४ साली बंद पडली आणि ही कन्या त्यानंतर कधीतरी पाळण्यात आली. मी ग्रुपवर वहीतलं एक पान फोटो काढून टाकलं. त्याखाली सेक्रेटरींचा मेसेज आला: 'पाण्याचा टँकर आज उशिरा येईल.' चर्चा तिकडे वळली.

माझं दुखणं असं, की मला या सगळ्यातून हवं असतं ते तिसरंच. मला पहिलं गाणं नको. एका पानावर काकांनी चहाचा कप ठेवला होता. त्याचा गोल डाग पायदानाच्या रकान्यावर नेमका बसलाय, म्हणून नंबर कळत नाही. डागाच्या बाहेर उरलंय ते एवढंच: 'कैदी नं. ९११. दत्ताराम.' १९५९ चा चित्रपट. शेख मुख्तार, नंदा, मेहमूद. त्यात लताबाईंचं एक लहान मुलाला गोड बोलणाऱ्यांपासून सांभाळून राहायला सांगणारं गाणं आहे. समोर डेझी इराणी. इतकं साधं, खट्याळ, की ऐकून झाल्यावर आपण ऐकलं हे लक्षातही येऊ नये. तसंच झालं. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दत्ताराम म्हणजे आपले दत्ताराम वाडकर. जन्मभर शंकर-जयकिशन यांचे सहायक. ढोलकीवरचा एक ठेका असा लावून दिला, की वादक मंडळी आजही त्याला दत्ताराम ठेकाच म्हणतात. स्वतःच्या नावावर मिळाले ते 'अब दिल्ली दूर नहीं', 'परवरिश', 'श्रीमान सत्यवादी' असले मोजके चित्रपट, आणि हा कैदी. माणूस इतरांची गाणी पहिल्या पायदानावर पोचवून आपण जिन्याखाली उभा. मला अशी माणसं फार आवडतात, कारण त्यांच्यावर प्रेम करायला गर्दी नसते.

हे गाणं नेटवर मिळतं, नाही असं नाही. पण तिथे किती लोकांनी ऐकलं याचा आकडा खाली लिहिलेला असतो, आणि तो बघून जीव तुटतो. त्यातही बरेचसे मीच असणार. म्हणून मी ठरवलं, मूळ तबकडीच आणायची. मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डवाल्यांची दुकानं आहेत. एका दुकानात शिरलो. मालकाने न विचारता 'मुघल-ए-आझम' पुढे केली.

"कैदी नंबर नऊशे अकरा आहे?"

"साहब, वो तो चलता नहीं."

"मला चालवायचं नाहीये. ऐकायचंय."

त्याने आतल्या पोराला हाक मारली. पोरगं पोटमाळ्यावर चढलं. वरून आधी धूळ आली, मग एक मेलेली पाल, मग तबकडी. ७८ आरपीएमची, लाखेची, कागदी वेष्टण उंदराने खाल्लेलं. मला वाटलं, कुणाला नको असलेला माल, पन्नास रुपये घेईल. त्याने जी किंमत सांगितली तेवढ्यात घरी मिक्सर आला असता.

"अहो, पण हे कुणी घेत नाही असं तुम्हीच म्हणालात!"

"इसीलिए तो रेअर है, साहब."

साठ वर्षं खपली नाही म्हणून दुर्मीळ, दुर्मीळ म्हणून महाग, महाग म्हणून पुन्हा खपणार नाही. या हिशोबात चूक कुठे आहे, ते मला लोकल पकडेपर्यंत सापडत होतं; बसायला जागा मिळाली तेव्हा ते हरवलं. तबकडी मी छातीशी धरून आणली. गर्दीत एकाने विचारलं, "पुरणपोळी का?" मी हो म्हणालो. पुरणपोळी म्हटल्यावर लोक जपून उभे राहतात.

घरी ग्रामोफोन नव्हता. असा ग्रामोफोन असलेले गृहस्थ ठाण्यात आहेत असं कळलं, ते रविवारी या म्हणाले. शनिवारी बायकोचे भाऊ आले. आमचे मेहुणे अंगाने भारदस्त आहेत, आणि घरात शिरताना ते चपला आणि शरीर एकदमच टाकतात. सोफ्यावर बसले. आवाज आला.

"खाली काय ठेवलंय हो? ताट होतं का?"

तीन तुकडे. एका तुकड्यावर 'कैदी', दुसऱ्यावर '९११', तिसऱ्यावर नुसता कुत्रा. कैदी आणि त्याचा नंबर वेगळे झाले होते, म्हणजे एका परीने त्याची सुटकाच झाली. मेहुण्यांना मात्र फार वाईट वाटलं. "काय होतं? मी आणून देतो दुसरी. संगीत कुणाचं?"

"दत्ताराम."

"हां मग ठीक आहे," ते टेकून बसत म्हणाले. "मी घाबरलो. म्हटलं नौशाद की काय."

माझ्या मुलीला हे सगळं भयंकर विनोदी वाटतं. ती हसते तेव्हा मला राग येत नाही, कारण तिचा आजार माझ्यापेक्षा पुढच्या टप्प्यातला आहे आणि तिला त्याचा पत्ता नाही. ती नव्वदच्या दशकातली. तिच्या वेळी गीतमालेच्या जागी दूरदर्शनच्या मेट्रो चॅनलवर 'सुपरहिट मुकाबला' असायचा, बाबा सहगल यांचा. हेच ते १९९२ च्या 'ठंडा ठंडा पानी'वाले. ही पोरगी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून बटण दाबायची आणि आम्ही सगळ्यांनी हालचाल बंद करायची. म्हणजे काकांचा बुधवार माझ्या घरात पुन्हा उगवला. फरक एवढाच, की काकांची आज्ञा काकू पाळायच्या. हिची आज्ञा हिची आई पाळत नसे. त्यामुळे हिच्या सगळ्या कॅसेटवर कुकरच्या शिट्ट्या आहेत. ती गाणी तिने त्या शिट्ट्यांसकट पाठ केली. पुढे कॉलेजात असताना मैत्रिणीकडे एक मूळ गाणं ऐकून ती हिरमुसून परत आली. म्हणाली, "बाबा, त्यांनी दुसऱ्या कडव्याआधीची शिट्टी काढून टाकलीये. पार वाट लावली गाण्याची."

आता तिच्या वयाच्या बायका जमतात तेव्हा बोलणं शाळेच्या ॲडमिशनवरून सुरू होऊन बरोबर इंडीपॉपवर येतं. अलीशा चिनॉयचं १९९५ चं 'मेड इन इंडिया' सगळ्यांनाच आठवतं. त्यात लाकडी खोक्यातून बाहेर आलेले मिलिंद सोमण तर जास्तच आठवतात. पण आमची कन्या तेवढ्यावर थांबत नाही. 'मेड इन इंडिया' बिड्डूंचं, हे सांगून झाल्यावर ती म्हणते, त्याच बिड्डूंनी आधी १९९३ साली श्वेता शेट्टीचं 'जॉनी जोकर' केलं होतं, ते कुणाला आठवतं? कुणाला आठवत नाही. मग अनायडा. मग मेहनाझ. मग रागेश्वरी. बायका हळूहळू मोबाइल बघायला लागतात. जावई लांबून माझ्याकडे बघतात आणि मान हलवतात. ती मान मी ओळखतो.

मध्ये तिने मला तिच्या लाडक्या बॉम्बे वायकिंग्जचं १९९९ चं एक गाणं ऐकवलं. स्वीडनहून आलेली मंडळी, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. मी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणालो, "हे तर मदनमोहन यांचं. १९६२, 'मनमौजी'. किशोरकुमार."

"कॉपी केलं?" ती संतापली.

"आता सांगायचं तर..."

"तरी म्हटलं! तुमच्या त्या मदनमोहनना स्वीडनचं गाणं मिळालं कुठून?"

मी वही काढणार होतो. बायकोने डोळ्याने नको म्हटलं.

आणि मग आमच्या सोसायटीत कराओके आलं. निवृत्त माणसाच्या आयुष्यात पूर्वी गुडघे यायचे, आता कराओके येतं. महिन्यातून एका रविवारी क्लबहाउसमध्ये वीसेक मंडळी जमतात. ब्लूटूथ माइक, भिंतीवर सरकत जाणारे शब्द, एको पूर्ण वाढवलेला. एको वाढवला की कुणीही मुकेश होतो, कमी केला की जो तो स्वतः होतो, म्हणून त्या बटणाला कुणी हात लावत नाही. गाणी ठरलेली. किशोरकुमारच्या एका गाण्यावर चार जणांचा हक्क आहे. त्यावरून दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं आणि शेवटी सेक्रेटरींनी ते गाणं पाण्यासारखं पाळीपाळीने सोडायचं ठरवलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका अठ्ठ्याहत्तरच्या आतलं गातात. डोळे मिटून गातात, त्यामुळे भिंतीवरचे शब्द पुढे निघून जातात आणि काका मागे राहतात. एक बाई दर वेळी 'आज गळा बसलाय' असं सांगून सुरुवात करतात. तो गळा कधी उभा राहिलेला कुणी पाहिलेला नाही.

मी नाव दिलं. सेक्रेटरींनी यादी वाचली.

"कैदी नंबर नऊशे अकरा? हे काय? पोलीस केस आहे?"

"गाणं आहे. दत्ताराम यांचं."

"ट्रॅक नाही मिळणार."

"ट्रॅकशिवाय म्हणतो."

सभागृहात शांतता पसरली. ट्रॅकशिवाय म्हणणारा माणूस त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. कुणीतरी हळूच विचारलं, "पैसे भरलेत ना यांनी?" मी उभा राहिलो. गाणं लताबाईंचं, पट्टी लताबाईंची, आणि गळा माझा. पहिल्या ओळीला लहान मुलं हसली. दुसऱ्या ओळीला माइकने शिट्टी मारली, त्यावर माझी मुलगी मागून म्हणाली, "हां, आता बरोबर वाटतंय." अंतऱ्यात वर जायचं होतं. मी गेलो. तिथून खाली यायची वाट दिसेना, म्हणून थोडा वेळ तिथेच थांबलो. दत्ताराम ठेका मी पुठ्ठ्याच्या खोक्यावर स्वतःच धरला होता; त्या खोक्यात अल्पोपाहाराचे बटाटेवडे होते हे नंतर कळलं.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या त्या वड्यांची काळजी असलेल्यांच्या, सुटल्यासारख्या. काका म्हणाले, "हे खरंच आलं होतं का सिनेमात?" मी वही उघडून चहाचा डाग दाखवला. सेक्रेटरी म्हणाले, "पुढे चला, पुढे चला."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हात वर केला. आजी नव्वदीकडे झुकलेल्या. ऐकायला कमी येतं म्हणून पुढे बसतात, आणि ऐकू येत नाही म्हणून सगळ्यांना छान म्हणतात. पण आज त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख ओळख होती.

"अरे, हे गाणं होय! मला पाठ आहे हे."

माझ्या अंगावर काटा आला. मी माइक घेऊन त्यांच्याकडे धावलो. "आजी, तुम्ही ऐकायचात?"

"दर बुधवारी! हे लागलं की मी उठायची. भाताखालचा गॅस... गॅस कुठला, स्टोव्ह तेव्हा. तो बारीक करून यायची. सगळेच उठायचे रे. सासरे लघवीला जायचे, दीर पाणी प्यायचे. सासूबाई म्हणायच्या, बाई गं, हे गाणं आहे म्हणून सगळ्यांची कामं होतात. पुढची सगळी चांगली असायची ना, तेव्हा उठताच यायचं नाही."

असं म्हणून आजी काठी घेऊन उठल्या आणि सवयीने पाण्याच्या कूलरकडे निघाल्या. त्यांच्यामागून आणखी चार-पाच जणं उठली.